धुरपतामावशीचा अर्धा आकार

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की पूर्वी मी बरंच लांबण लावायचो. आता सरळ सांगतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, दिलेला चहा प्यायचा आणि हा माणूस महिन्याला किती देऊ शकेल ते ठरवून यायचं. हिंगोलीतल्या एका संस्थेत चौदा वर्षं मी हे काम केलं. त्याआधी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत गटसचिव होतो. त्यामुळे सातबारा वाचता येत होता आणि माणूस कुठे थापा मारतो तेही कळतं, असा माझा समज होता.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर कुणालाही आधी गमतीच आठवतात. मलाही आठवल्या, एकदोन सांगणारही आहे. पण खरं सांगायचं ते वेगळं आहे. त्या नोकरीतली आठ वर्षं मी एका बाईवर जळत होतो. त्या जळण्यापायी एका म्हाताऱ्या माणसाचं जे झालं, ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे असं वाटतं.

आधी काम समजावून सांगतो. आमच्या संस्थेच्या छत्तीस खोल्या होत्या. लोक त्याला वृद्धाश्रम म्हणायचे, पण तो वृद्धाश्रम नव्हता. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप स्वतःचं, गॅस स्वतःचा, दाराबाहेर तुळस लावा की मिरच्या वाळवा, कोणी विचारणार नाही. खोलीबरोबर मदत मिळायची. सकाळी आणि संध्याकाळी मदतनीस बाई यायची. ज्याला अंघोळ घालायची त्याला अंघोळ, गोळ्या दिल्या की नाही ते बघणं, गरज असेल तर स्वयंपाक, बँकेत नेणं, गळका नळ दुरुस्त करून घेणं. खोलीचं भाडं सगळ्यांना सारखं आणि नावापुरतं होतं. मदतीचा मात्र वेगळा आकार असायचा आणि तो माणसाच्या ऐपतीप्रमाणे ठरायचा. पूर्ण, अर्धा, पाव आणि माफ, अशा चार पायऱ्या होत्या. शिवाय ज्याला फक्त सकाळची मदत हवी त्याला कमी पडायचं, दोन्ही वेळची हवी त्याला जास्त.

ऐपत काढायची रीत साधी होती. पेन्शन, निराधारचा पगार, बटईने दिलेल्या शेताचा हिस्सा, पोरं पाठवत असतील ते, हे सगळं मिळवायचं. त्यातून औषधं, भाडं, विजेचं बिल वजा करायचं. मग हातखर्च म्हणून एक ठरावीक रक्कम बाजूला काढायची, तिला कोणी हात लावायचा नाही. हा नियम आमच्या सचिव मॅडमनी घातला होता. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका, शब्दाच्या पक्क्या. त्या म्हणायच्या, म्हाताऱ्या माणसाच्या कनवटीला स्वतःचं काही नसेल तर तो आपल्याच खोलीत पाहुणा होतो. एवढं सगळं काढून जे उरेल ते पाहून पायरी ठरवायची. मी शिफारस लिहायचो, समिती मान्य करायची. माझी शिफारस फिरवली असं बरीच वर्षं झालं नव्हतं, याचा मला फार अभिमान होता.

या कामात हेवा रोजचाच. भिंतीला भिंत लागून दोन खोल्या, दोघांकडे तीच बाई येते, तीच गोळी त्याच हाताने देते, आणि एकाचा आकार पूर्ण तर दुसऱ्याचा माफ. आकडे गुप्त ठेवायचा नियम होता, पण ते दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत असायचे. पूर्ण भरणारे माफवाल्यांवर जळायचे, हे कोणालाही समजेल. मला नवल वाटायचं ते माफवाल्यांचं. तेही पूर्ण भरणाऱ्यांवर जळायचे, कारण पूर्ण भरणाऱ्याला भाजी खारट झाली म्हणून ओरडता यायचं.

कुरुंद्याचे एक भगवानराव होते. अर्ज द्यायला आले ते फाटका सदरा आणि तुटकी चप्पल घालून. पोरं विचारत नाहीत, नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणाले. मी दोन दिवसांनी न सांगता कुरुंद्याला गेलो. वाड्यापुढे हळद पसरलेली, ती शिजवायचा कुकर चालू, पॉलिशचा ड्रम फिरतोय, सगळं अंगण पिवळं. मी तलाठ्याकडून जमिनीच्या फेरफाराची नोंद काढली. अर्ज करायच्या तीनच आठवडे आधी सगळी जमीन दोन्ही पोरांच्या नावे केली होती. ऐपत लपवायला केलेली वाटणी आम्ही धरत नसू. मी पूर्ण आकार लावला. भगवानराव चिडले नाहीत. मला म्हणाले, "सर, तुमी आमच्या कुळातले असते तर बरं झालं असतं. वाटणीत कोणी फसवलं नसतं." पुढे सहा वर्षं त्यांनी पूर्ण आकार भरला आणि दर महिन्याला भरताना शेजारच्याला किती ते विचारलं.

अशा गोष्टींमुळे माझं नाव झालं होतं. मग सुमन राठोड आली.

औंढ्याजवळच्या एका तांड्यावरची. बापाने आयुष्यभर कोरडवाहू कसलं, ही बारावीपर्यंत शिकली, नवरा लवकर गेला. आमच्याकडे मदतनीस म्हणून लागली. दोन वर्षांनी मॅडमनी तिला माझ्या हाताखाली गृहभेटीच्या कामाला दिलं. तिने भेट द्यायची, टिपण लिहायचं, मी त्यावरून शिफारस करायची. मला ते आवडलं नव्हतं, पण एक फेरी वाचेल म्हणून गप्प बसलो.

पहिला चटका जवळा बाजारच्या गुरुजींमुळे बसला. निवृत्त शिक्षक, चांगली पेन्शन, मुलगी लग्न होऊन गेलेली. मी कागद पाहून पूर्ण आकार लिहिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सुमनने टिपणात लिहिलं की गुरुजींची पेन्शन त्यांच्या हातात येतच नाही. मुलीला मूत्रपिंडाचा आजार होता, ती आठवड्यातून दोनदा नांदेडला जायची आणि त्याचा सगळा खर्च गुरुजी करायचे. जावयाला कमीपणा येऊ नये म्हणून त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मला तर त्यांनी तासभर शाळेच्या गोष्टी सांगून वाटेला लावलं होतं.

समितीने गुरुजींचा आकार पाव केला. मी बरोबर म्हणालो, मान हलवली. पण मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "सुमन, तुला बरं सांगितलं त्यांनी." बस, एवढंच. त्या वाक्यापायी मी त्या दिवशी जेवलो नाही.

ते पुढे वाढतच गेलं. ती खोल्यांच्या ओळीत शिरली की दारं उघडायची. मी शिरलो की आतून कागदांच्या पिशव्या निघायच्या. तिला म्हाताऱ्या बायका डोक्याला तेल लावायला बसवायच्या, मला खुर्ची द्यायच्या. तांड्यावरून आलेले लोक तिच्याशी गोरमाटीत बोलायचे, ते मी समजू शकत होतो, भाषा एक होती. पण कुरुंद्याचे, वसमतचे, आमच्या शिरड शहापूरचे शेतकरी लोकसुद्धा मला सोडून तिच्याशी बोलायचे, हे मला समजत नव्हतं. मी तिच्या टिपणातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने काढायला लागलो. ती दर वेळी "बराबर आहे सर" म्हणून कागद परत न्यायची आणि सुधारून आणायची. तिने एकदा तरी भांडावं असं मला वाटायचं. ती भांडत नसे, त्याचाही मला राग यायचा.

घरी बायकोला मी सुमनच्या तक्रारी सांगायचो. एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, तुम्ही तिचं नाव दिवसातून किती वेळा घेता ते मोजलंय का. मी विषय बदलला.

अशात धुरपतामावशीचा अर्ज आला.

धुरपतामावशी माझ्या गावची, शिरड शहापूरची. आमच्या गल्लीतलं तिसरं घर तिचं. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. मी सातवीत असताना आई टायफॉइडने दोन महिने अंथरुणाला होती. तेव्हा आमच्या घरी दोन वेळच्या भाकरी धुरपतामावशीने पाठवल्या होत्या. मी ताट घेऊन जायचो आणि भरून आणायचो. आता तिच्या घराची मागची भिंत खचली होती, गुडघे गेले होते, आणि पुण्याच्या पुतण्याने खोलीसाठी अर्ज भरून दिला होता.

भेट सुमनने दिली, आणि टिपणात लिहिलं: आकार पूर्ण माफ करावा. पुतण्या शेताचा हिस्सा तीन वर्षांपासून देत नाही. गळ्यातली माळ सोन्याची नाही, खरी विकली आहे. गुडघ्याच्या गोळ्या बाई अर्ध्या करून खाते.

ते वाचून माझं डोकं फिरलं. माझ्या गावची बाई. तिचं शेत कुठे आहे, विहिरीला पाणी किती आहे, पुतण्याने पुण्यात फ्लॅट कधी घेतला, हे मला माहीत. गळ्यातली पुतळ्यांची माळ लहानपणापासून बघतोय. आणि औंढ्याकडची ही बाई एका तासात जाऊन मला माझ्या गल्लीतली ऐपत सांगणार? मला वाटलं, इथे तरी हिला चुकलेलं दाखवता येईल.

मी शिफारस लिहिली: अर्धा आकार. दोन एकर शेत, सोन्याचा दागिना, कमावता पुतण्या. सगळं खरंच वाटेल असं होतं. सुमनचं टिपण फाइलला लावायला हवं होतं. मी ते लावलं नाही. फाडलंही नाही, कारण फाडलं तर आपण काय करतोय ते स्वतःला कबूल करावं लागलं असतं. मी ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि वरून जुनी डायरी ठेवली.

समितीसमोर धुरपतामावशी आली होती. मॅडमनी तिला विचारलं की अर्धा आकार जमेल का. मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय, जमंल की." अंगठा दिला. सुमन दाराशी उभी होती. तिने मला काही विचारलं नाही, मॅडमनाही काही बोलली नाही. माझी शिफारस मान्य झाली. त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी घेतली होती, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

मावशी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आकार भरायची. स्वतः चालत ऑफिसात यायची, बाहेर लोक असतील तर मला "सायब" म्हणायची, नसतील तर "मुरली". घरच्यांची खुशाली विचारायची. मला वाटायचं, बघा, भरतेय की. सुमन समोरून गेली की मी मुद्दाम पावती फाडताना आवाज करायचो.

पाचव्या महिन्यात मावशीने संध्याकाळची मदत बंद करून घेतली. मला गरज न्हाई, हातपाय हलवायला पायजेत, असं मदतनीस बाईला सांगितलं. आकार त्या मानाने कमी झाला. तो बदल माझ्याच सहीने झाला. मी सही करताना एक क्षणही थांबलो नाही. असे अर्ज येत असत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी मदतनीस बाई गेली तेव्हा दार आतून बंद होतं. हाका मारल्या तर आतून बारीक आवाज आला. कडी तोडली. मावशी न्हाणीत पडली होती. आदल्या संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पाय घसरला होता आणि तेव्हापासून ती त्याच ओल्या फरशीवर होती. संध्याकाळची बाई असती तर अर्ध्या तासात कळलं असतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हिंगोलीहून नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं. पुतण्या दुसऱ्या दिवशी आला आणि त्याच दिवशी परत गेला. सुमन तिथे राहिली, पाच दिवस. मी रोज संध्याकाळी एसटीने जायचो, वॉर्डाच्या दारात उभा राहायचो. सुमन तिला चमच्याने पेज भरवताना दिसायची. मला अपराधी वाटत होतं, यात शंका नाही. पण खोटं लिहायचं नाही म्हणून सांगतो, त्या दारात उभा असतानाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझ्या मावशीला ही भरवतेय आणि मावशी हिच्याकडेच पाणी मागतेय.

सहाव्या दिवशी मॅडमनी धुरपताबाईंची फाइल मागितली. संध्याकाळची मदत बंद का झाली, ऐपत काढताना काय चुकलं, त्यांना बघायचं होतं. फाइल माझ्याकडे होती आणि टिपण खणात. ते आता फाइलला लावून टाकलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. समितीने वाचलंच नाही, असं म्हणता आलं असतं. सुमनने तक्रार केली नव्हती, आणि ती करणार नाही हे एव्हाना मला कळलं होतं. मी खण उघडला, डायरी बाजूला केली, टिपण काढलं. टाचणी हातात घेतली. मग टाचणी परत डबीत टाकली आणि फाइल वेगळी, टिपण वेगळं, असं घेऊन गेलो.

मॅडमच्या टेबलावर दोन्ही ठेवलं. म्हणालो, "हे टिपण माझ्या खणात होतं. मीच ठेवलं होतं."

मॅडमनी चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "काहून ठेवलं, मुरलीधरराव?"

मॅडम मूळच्या वसमतच्या, पण ऑफिसात कधी गावाकडचं बोलत नसत. त्या "काहून"ने माझा बांध फुटला. मी खरं ते सांगितलं, की मला राठोडबाईंचा हेवा वाटतो. साठीकडे झुकलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारणं किती अवघड असतं, ते उच्चारल्याशिवाय कळत नाही.

मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. मावशीचा आकार पहिल्या महिन्यापासून माफ झाला, भरलेलं परत गेलं. शिफारशीवर दोघांच्या सह्या हव्यात असा नियम झाला. कोणी मदत कमी करून मागितली तर सही करण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन यायचं, हाही नियम तेव्हाचाच. गेल्या काही वर्षांत आणखी दोन संस्थांनी तो नियम आमच्याकडून घेतला. तो कशातून आला, ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

नोकरी गेली नाही. मला मात्र मॅडमनी शिक्षा म्हणा की शिक्षण म्हणा, सहा महिने सुमनबरोबर भेटींना जायला सांगितलं. बोलायचं तिने, मी फक्त बसायचं. मला वाटलं होतं, आता हिची युक्ती कळेल. युक्ती काहीच नव्हती. ती कोणालाही तुमच्याकडे काय आहे, असं विचारत नसे. ती विचारायची, "यंदा काय काय बंद केलं?" आणि माणसं सांगायची. कोणी दूध बंद केलं होतं, कोणी पेपर. एका आजोबांनी दाढी करून घेणं बंद केलं होतं, तीन महिन्यांनी एकदा न्हाव्याकडे जायचे. जवळा बाजारच्या एका बाईने लेकीला फोन करणं बंद केलं होतं, कारण लेक उलट फोन करायची आणि जावई रिचार्जवरून बोलायचा. मी इतकी वर्षं माणसाजवळ असलेलं शोधत होतो. मी एकदाही जे गेलं ते विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला सुचला नाही, तिला सुचला, म्हणून मी पुन्हा जळलो. पण या वेळी निदान शिकलो. पुढे तो प्रश्न मीही विचारायला लागलो. माझ्या तोंडी तो तितका चांगला लागत नसे.

धुरपतामावशी वॉकर घेऊन चालायला लागली. दोन्ही वेळची मदत सुरू झाली. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागायची. मी तिला कधी काही बोललो नाही. बोलायचं ठरवून तीनदा तिच्या खोलीत गेलो आणि दर वेळी चहा पिऊन परत आलो.

चार वर्षांनी माझी निवृत्ती आली. माझी खुर्ची सुमनला मिळणार होती. शेवटच्या आठवड्यात मावशीच्या आकाराची वर्षाची फेरतपासणी होती. मी सुमनला म्हणालो, तुम्ही जाऊन या. ती म्हणाली, दोघं जाऊ. दोन सह्या लागतात.

मावशीने चहा केला, वॉकर ओट्याला टेकवून, आम्हाला हात लावू दिला नाही. सुमनने कागद भरले. आकार माफ, पुढे चालू. मग मला राहवलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मी साहेब राहणार नव्हतो, म्हणून असेल. मी म्हणालो, "मावशी, तुला जमत नव्हतं तर समितीपुढं काहून बोलली नाहीस? मॅडम विचारत होत्या ना."

मावशीने कपाची कड पदराने पुसली. म्हणाली, "तू लिव्हलं होतंस ना. आपल्या गल्लीतलं पोरगं सायब झालं, चार मान्सं बसलेली, त्याच्या तोंडापुढं त्याचं लिव्हलेलं खोटं हाय म्हनू? न्हाई म्हनायचं व्हतं तर तुला घरी बोलावून म्हनले असते. पर तू आलाच न्हाईस घरी."

ती म्हणाली, चहा पी, गार होतोय.

त्यानंतर औंढ्याकडे एक भेट होती. तिथून परत येताना सुमनच्या स्कुटीवर मागे बसलो होतो. मला गाडी कधी जमली नाही. औंढा रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या अलीकडे तिने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं पंक्चर. ती उतरली नाही, मागे वळलीही नाही. समोर बघूनच बोलली.

म्हणाली, मावशी तुमच्यासाठी भरतात, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं, सर. त्यांनी मला शपथ घातली होती, मुरलीला सांगू नको. संध्याकाळची बाई बंद केली तेही मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तुमच्याकडे यायला निघाले होते. दारापर्यंत आले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग गेले न्हाई." ती म्हणाली. "मी त्यांचे पाय चेपायचे, डोकं धुवायचे, अन् त्या सारा वेळ तुमचं नाव घेऊन राहिल्या. मुरली असा, मुरली तसा. मला कोणी माझ्या तांड्यावरचंसुदिक असं म्हनत न्हाई. मला तुमचा लई हेवा वाटायचा, सर. म्हटलं, लाडक्या सायबाला कळू दे त्याचं त्याला. तीन आठवडे गप बसले."

आठ वर्षं मी जिच्यावर जळत होतो, तीही माझ्यावर जळत होती. मला वाटायचं, सगळी दारं तिलाच उघडतात. तिला वाटायचं, मला दार वाजवायचीही गरज नाही. आणि आमच्या दोघांच्या मधे, न्हाणीच्या ओल्या फरशीवर, एक म्हातारी बाई रात्रभर पडून होती.

मी म्हणालो, "मला ताकीद मिळाली, तुम्हाला नाही, म्हणून मनात ठेवलंत का इतकी वर्षं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी टिपण घेऊन गेलात मॅडमकडं, तेव्हाच मी बी बोलायला पायजे होतं. तुमी बोलून मोकळे झालात. त्याचा बी हेवा वाटला."

मग तिने गाडी सुरू केली. ऑफिसच्या दारात उतरताना मी तिला सांगितलं, हे कोणाला सांगायची गरज नाही, झालं ते झालं. तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "न्हाई सर. तुमची भाषा चांगली हाय. तुमी लिव्हा कधीतरी."

यंदा अंकाचं पत्र आलं तेव्हा मी तिला फोन केला. विचारलं, लिहू का, तुमचं नाव बदलतो. ती कुठेतरी भेटीवर होती, मागे कुणीतरी भांडी घासत होतं. म्हणाली, "बाकीच्यांची बदला. माझं बदलू नका."

तसंच केलं आहे.